बाग कोणाच्या यादीत?

आज जाऊ ओझरला. १९६४ मध्ये इथे एचएएलचा मिग विमानांचा कारखाना सुरू झाला आणि आखीव रस्त्यांची टाउनशिप उभी राहिली. शेजारचं बाणगंगेकाठचं जुनं गावही वाढत वाढत शहराएवढं झालं, पण कारभार वर्षानुवर्षं ग्रामपंचायतीचाच.

आता गंमत बघा. १९९२ च्या ७४व्या घटनादुरुस्तीने बारावी अनुसूची आणली. त्यात शहरांच्या कामांत उद्यानं, क्रीडांगणं आहेत. गावांच्या अकराव्या अनुसूचीत २९ विषय आहेत, पण बाग नाही! गावाला रान असतंच, असा हिशेब असावा. पण रानाचे प्लॉट पडले की पोरांनी खेळायचं कुठे?

२०१५ च्या अमृत योजनेत बागांना पैसे होते, पण मुख्यतः लाखावर वस्तीच्या शहरांना. २०२१ च्या अमृत २.० मध्ये छोटी शहरंही आली. ओझरला आता नगरपरिषद आहे, म्हणजे तेही या रांगेत उभं राहू शकतं.

मात्र निधी मागायला आधी जागा हवी. तुमच्या कॉलनीच्या लेआउटमध्ये सोडलेली मोकळी जागा आज मोकळी आहे का? एकदा बघून या. भेटू पुढच्या भागात!