विटेटच्या कमानी

मुंबईस गेलेला माणूस गेटवे ऑफ इंडिया पाहिल्यावाचून परतत नाही. पण ही कमान कोणाच्या कल्पनेतून उभी राहिली, असे विचारले तर उत्तर देणारे थोडेच निघतील. ते नाव जॉर्ज विटेट.

विटेट यांचा जन्म १८७८ साली स्कॉटलंडातील ब्लेअर अ‍ॅथॉल येथे झाला. १९०४ साली ते हिंदुस्थानात आले आणि सरकारी वास्तुशिल्पज्ञ जॉन बेग यांच्या हाताखाली काम करू लागले. त्याआधीच्या पिढीने मुंबईत मुख्यतः गॉथिक धर्तीच्या सरकारी इमारती उठविल्या होत्या. विटेट यांनी विजापूर आणि गुजरात येथील जुन्या वास्तू नजरेसमोर ठेवल्या. प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियमचा, म्हणजे आजच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचा, घुमट पाहताना गोलघुमट आठवतो तो उगीच नव्हे. दगड कुर्ल्याचा आणि मालाडचा. महायुद्धात या इमारतीचे लष्करी इस्पितळ झाले होते. लोकांसाठी ती १९२२ साली खुली झाली.

गेटवेची कथा याहून बोलकी आहे. १९११ साली पंचम जॉर्ज बादशहा मुंबईस उतरले, त्याचे हे स्मारक. १९१३ साली पायाभरणी झाली आणि १९२४ साली उद्घाटन. दोनच वर्षांनी, १९२६ साली, विटेट मुंबईतच वारले. शिवडीच्या दफनभूमीत त्यांचे थडगे आहे. पुढे २८ फेब्रुवारी १९४८ रोजी ब्रिटिश फौजेची अखेरची तुकडी याच कमानीखालून निघून गेली. स्वागताची कमान निरोपाची ठरली.

तेव्हा या वास्तू परक्यांच्या म्हणून टाकाव्यात काय? आम्हांस तसे वाटत नाही. त्या वस्तुसंग्रहालयाच्या मधल्या दालनात वर पाहावे. नाशिकच्या एका जुन्या वाड्यातील कोरीव लाकडी कमानी विटेट यांनी विकत घेऊन तेथे बसविल्या आहेत. आपल्या सुतारांचे ते काम एका परक्याच्या नजरेने हेरले, म्हणून आज ते आपल्यापुढे आहे.

आणि आपण? गावोगावचे वाडे पडतात, कोरीव खांब आणि तुळया वखारीत जातात, आणि आपण भाव तेवढा विचारतो. राज्य परत मिळविले, ते योग्यच झाले. आता ती नजरही मिळवावयास हवी.