शाळेत मुलांना त्रास झाला तर तक्रार कुठे आणि कशी करायची?

ऑगस्ट २०२४मध्ये बदलापूरच्या एका शाळेत शिशुवर्गातल्या दोन मुलींवर अत्याचार झाल्याचं उघडकीला आलं. आरोपी शाळेतलाच सफाई कर्मचारी होता. गुन्हा नोंदवून घेण्यासाठी पालकांना सुमारे बारा तास ताटकळावं लागलं. २० ऑगस्टला लोक रुळांवर उतरले, लोकल कित्येक तास बंद पडल्या आणि पुढे मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. बदलापूर आपल्यापासून लांब नाही. अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड इथल्या पालकांनाही अशा वेळी कुठे जायचं हे आधीच माहीत असलेलं बरं.

मूल काही सांगू लागलं तर आधी फक्त ऐकून घ्या. रागावू नका आणि तेच तेच खोदून विचारू नका. त्याने वापरलेले शब्द जसेच्या तसे, तारीख-वेळेसह लिहून ठेवा. अंगावरचे कपडे धुवायला टाकू नका. लहान मुलं बऱ्याचदा सांगतच नाहीत. अचानक शाळेला नकार, शू करताना दुखणं, एखाद्या माणसाचं नाव निघताच गप्प होणं, एवढंच दिसतं. "नाटकं करतोय" म्हणून ते सोडून देऊ नये.

लैंगिक त्रासासाठी २०१२चा पोक्सो कायदा आहे आणि तो अठरा वर्षांखालच्या मुलींइतकाच मुलग्यांनाही लागू होतो. शाळेने आधी चौकशी करून खात्री करावी, मग पोलिसांना कळवावं, असं हा कायदा कुठेही म्हणत नाही. नुसती शंका आली तरी कळवणं बंधनकारक आहे. संस्थेच्या प्रमुखाने माहिती दडवली तर त्याला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. त्यामुळे "आम्ही आमच्या पातळीवर बघतो, बाहेर बोलू नका" हे उत्तर कुणी दिलं तर ते ऐकून घरी परतू नका. चांगल्या हेतूने तक्रार करणाऱ्यावर कारवाई होत नाही.

हा कायदा शाळेपुरता नाही. ट्यूशन, मक्तब, मदरसा सगळीकडे तोच आहे. शैक्षणिक किंवा धार्मिक संस्थेतल्या माणसाने तिथल्याच मुलावर अत्याचार केला तर शिक्षा उलट जास्त कडक आहे. शिकवणारा माणूस कितीही आदराचा असो, मुलाच्या शब्दापेक्षा त्याचा आदर मोठा नाही.

घर घाटकोपरला आणि शाळा मुलुंडला असली तरी जवळच्या पोलीस ठाण्यात जा. १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत 'झिरो एफआयआर'ची तरतूद आहे. "ही आमची हद्द नाही" हे कारण चालत नाही. एफआयआरची प्रत फुकट मिळते. ठाण्यात नकार मिळाला तर लेखी तक्रार पोलीस उपायुक्तांना पाठवा. १०९८ आणि ११२ हे फोन नंबर घरात सगळ्यांना ठाऊक असू द्या.

आपल्याकडे गप्प बसण्याचं सगळ्यात मोठं कारण इज्जत. मुलीचं नाव बाहेर पडेल, पुढे निकाह कसा होईल, ही भीती खरी आहे. म्हणूनच कायद्याने मुलाचं नाव, पत्ता, शाळा, फोटो छापायला बंदी घातली आहे. जबाब मुलाच्या घरी किंवा त्याला हव्या त्या जागी, शक्यतो महिला अधिकाऱ्याने, गणवेश न घालता, आई-वडिलांसमोर घ्यायचा असतो. मुलीची वैद्यकीय तपासणी महिला डॉक्टरच करतात. पोलिसांनी चोवीस तासांत बालकल्याण समितीला कळवायचं असतं, आणि समिती खटला संपेपर्यंत मुलाच्या सोबतीला मदतनीस देऊ शकते. तो मागून घ्या.

मारहाण, अपमान, धर्मावरून टोमणे हा वेगळा विषय, पण किरकोळ नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींवर बंदी आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४च्या निकालाप्रमाणे अल्पसंख्याक संस्थांच्या शाळांना हा कायदा लागू नाही. म्हणजे आपल्याच समाजाच्या शाळेत छडी चालते, असं मात्र नव्हे. ताब्यातल्या मुलाशी क्रूरपणे वागणाऱ्यासाठी बाल न्याय कायद्याचं कलम ७५ आहेच.

ऑगस्ट २०२३मध्ये उत्तर प्रदेशातल्या मुझफ्फरनगर जिल्ह्यात शिक्षिकेने वर्गातल्या मुलांना एका मुस्लीम मुलाला थपडा मारायला लावल्या. तुषार गांधी यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने सरकारला त्या मुलाच्या समुपदेशनाची आणि दुसऱ्या शाळेत शिक्षणाची सोय करायला लावली. प्रार्थनेचा प्रश्न आला तर संविधानाचं कलम २८(३) दाखवा. मान्यताप्राप्त किंवा अनुदानित शाळेत पालकांच्या संमतीशिवाय मुलाला धार्मिक शिक्षणात किंवा पूजेत सामील करता येत नाही.

अशी तक्रार आधी मुख्याध्यापकांकडे लेखी द्या आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. तोंडी बोलणं दुसऱ्या दिवशी कुणाला आठवत नाही. काही हललं नाही तर महापालिकेच्या शाळेसाठी पालिकेचा शिक्षण विभाग, माध्यमिक शाळेसाठी शिक्षण निरीक्षक. अंधेरी-बोरिवली पश्चिम विभागात, घाटकोपर-मुलुंड उत्तर विभागात येतात. त्यावर राज्य बालहक्क संरक्षण आयोग आहे.

बदलापूरनंतर, २१ ऑगस्ट २०२४ला निघालेल्या शासन निर्णयाने सीसीटीव्ही, तक्रारपेटी आणि कर्मचाऱ्यांची चारित्र्य पडताळणी या गोष्टी शाळांना बजावल्या. सखी सावित्री समितीचा आदेश तर मार्च २०२२चा आहे. पुढच्या पालक सभेत मार्कांआधी हे विचारा: समितीत कोण कोण आहे, पेटी कोण उघडतं, आणि शिशुवर्गाला बाथरूमला कोण नेतं?