‘फी आम्ही बघतो’: शालेय क्रिकेट आणि घरची बाजू

शालेय क्रिकेटचा इतिहास आपल्याकडे धावफलकावरून लिहिला गेला. १९८८ साली आझाद मैदानावर तेंडुलकर-कांबळीची ६६४ धावांची भागीदारी, २०१३ साली पृथ्वी शॉच्या ३३० चेंडूंत ५४६ धावा, हे आकडे वसईतला शाळकरी पोरगाही घडाघडा सांगेल. पण ही मुले त्या त्या शाळेच्या संघात आली कशी, त्यांना कोणी हेरले, बोलताना काय कबूल केले आणि त्या रात्री घरात काय चर्चा झाली, हे फारसे कोणी लिहून ठेवलेले नाही. शालेय क्रिकेटच्या घरच्या बाजूचे हे अभ्यासक्षेत्र तिथूनच सुरू होते. त्यात शिरण्यासाठी क्रिकेटचे तंत्र कळायला हवे असे नाही. घरखर्चाची वही वाचता आली तरी पुरे.

तुलनेसाठी पाहा: अमेरिकेत महाविद्यालयीन बेसबॉलसाठी खेळाडू निवडण्याची रीतसर व्यवस्था आहे. वरच्या दर्जाच्या संघाचा प्रशिक्षक अकरावीच्या वर्षाआधीच्या १ ऑगस्टपूर्वी मुलाशी थेट संपर्क साधू शकत नाही. शिष्यवृत्ती किती, कोणत्या अटींवर, हे कागदावर येते. आपल्याकडे निवड याहून कितीतरी लवकर होते, दहाव्या-बाराव्या वर्षी, आणि ती तोंडी होते. शिबिरात किंवा एखाद्या सामन्यात सर मुलाला बघतात, बापाला बाजूला घेतात आणि म्हणतात, “आमच्या शाळेत घाला, फी आम्ही बघतो.” एवढ्या शब्दांत शाळा बदलते, कधी माध्यमही बदलते आणि घराचे वेळापत्रक तर उलटेपालटे होते. आपण आयुष्यातला एक मोठा निर्णय घेतोय याची जाणीव बहुतेक आईबापांना नंतर होते.

प्रथा जुनी आहे. हॅरिस शील्ड आणि गाइल्स शील्ड या आंतरशालेय स्पर्धा शतकाहून जुन्या. त्यांत नाव काढायचे तर नाव काढणारी शाळा हवी, आणि अशा शाळा मुंबईत. प्रशिक्षक आचरेकर सरांच्या सांगण्यावरून सचिनने वांद्र्याची शाळा सोडून दादरचे शारदाश्रम धरले आणि तो शिवाजी पार्कजवळ काका-काकूंकडे राहू लागला. रोहित शर्माचे आईवडील डोंबिवलीला, तो बोरिवलीला काकांकडे. प्रशिक्षक दिनेश लाड यांनी १९९९मध्ये त्याला स्वामी विवेकानंद शाळेत आणले आणि फी माफ करून घेतली. दोन्ही कथांत प्रशिक्षकाची नजर सर्वांना दिसते. मला त्याइतकेच महत्त्वाचे वाटते ते नातेवाइकाचे घर. मुंबई क्रिकेटची निम्मी वसतिगृहे अशी काका-मामांच्या दोन खोल्यांत चालली, आणि त्या काकूंचा उल्लेख स्मरणिकांत क्वचितच सापडतो.

ज्याचे असे घर मुंबईत नाही त्याने काय करायचे? इथे वसई-विरारचा आणि एकूणच पालघरचा प्रश्न वेगळा होतो. विरार ते चर्चगेट सुमारे ६० किलोमीटर. पहाटेच्या लोकलमध्ये किटबॅग चढवणे हीच एक कसरत. ती वर रॅकवर मावत नाही, पायाशी ठेवली तर लोक ओरडतात, म्हणून बाप पोराला घेऊन मालडब्याकडे धावतो. पृथ्वी वडिलांबरोबर विरारहून वांद्र्याला असाच जाई. पुढे पुरस्कर्ते मिळाले तेव्हा बापलेक मुंबईत राहायला गेले. शार्दूल ठाकूर पालघरचा. त्याच्या शाळकरी काळात लोकल विरारपर्यंतच होती, डहाणूपर्यंत ती पोचली २०१३ साली. लाड सरांनी त्याला बोरिवलीला स्वतःच्या घरी ठेवून घेतले आणि २००६मध्ये त्याने हॅरिस शील्डमध्ये एका षटकात सहा षटकार मारले. म्हणजे एकाला पुरस्कर्ता लाभला, दुसऱ्याला गुरूचे घर. ज्यांना दोन्हीपैकी काही लाभले नाही त्यांची संख्या कोणी मोजलेली नाही.

नव्या वाचकाने एक भूगोल आधी समजून घ्यावा. एकाच राज्यात क्रिकेटच्या तीन संघटना आहेत: मुंबई, महाराष्ट्र (पुणे) आणि विदर्भ (नागपूर). वसई-विरारचा मुलगा मुंबईच्या वाट्याला येतो. मान मोठा, पण रांगही तितकीच लांब. याच विरारचा पृथ्वी २०२५मध्ये मुंबई सोडून महाराष्ट्राकडून खेळू लागला, ही गोष्ट या दृष्टीने पुन्हा वाचण्यासारखी आहे.

कागदपत्रांचा भाग रुक्ष असला तरी टाळता येत नाही. सोळा वर्षांखालील गटात मनगटाच्या एक्स-रेवरून हाडांचे वय काढतात. जन्मदाखला आणि हाड यांचे पटले नाही तर वर्षांची मेहनत एका दुपारी बाद होते. दहावीचे वाढीव गुण, महाविद्यालयातला क्रीडा कोटा आणि सरकारी नोकरीतले पाच टक्के आरक्षण यांचे नियम निरनिराळे. एकीकडे चालणारे प्रमाणपत्र दुसरीकडे चालेलच असे नाही. फी माफ म्हणजे नेमके काय माफ, बस आणि गणवेश त्यात येतो का, मुलगा जखमी झाला किंवा संघातून वगळला गेला तर पुढच्या वर्षी काय, हे पालकांनी पहिल्याच भेटीत विचारावे. विचारल्याने सर रागावतील ही भीती खरी आहे, तरीही विचारावे.

कल्याणच्या प्रणव धनावडेचे उदाहरण या क्षेत्रात मला फार मोलाचे वाटते. जानेवारी २०१६मध्ये त्याने एका डावात नाबाद १००९ धावा केल्या. मुंबई क्रिकेट संघटनेने त्याला दरमहा दहा हजारांची शिष्यवृत्ती दिली. पुढच्या वर्षी खेळ उतरला, तेव्हा कुटुंबाने आपणहून ती थांबवायला सांगितली. वडील रिक्षा चालवत. विक्रमाच्या बातम्या सर्वांनी वाचल्या. माझ्या मते त्या कुटुंबाचा हा निर्णय अभ्यासाला अधिक योग्य आहे.

मुलींबद्दल तर अजून पहिले पानही नीट लिहिले गेलेले नाही. एकटीने पहाटेची गाडी धरणाऱ्या मुलीच्या घरातले हिशेब वेगळे असतात, भीतीही वेगळी.

तेव्हा वसई, नालासोपारा, विरारच्या पालकांना एक विनंती. मूल मोठे खेळाडू झाले नसेल, नववीत खेळ सुटला असेल, तरी शाळेची पत्रे, रेल्वेचे पास, क्लबच्या पावत्या रद्दीत घालू नका. शक्य असेल तर त्या वर्षांचा खर्च आणि वेळापत्रक एका वहीत उतरवून ठेवा आणि जवळच्या ग्रंथालयात एक प्रत द्या. अभ्यासकाला सर्वांत जास्त गरज तुमच्याच नोंदींची आहे.