शाळेची शीव : मांजरी, १८८२ आणि नंतर

घरांच्या जाहिराती वाङ्मयाच्या अभ्यासकाने वाचू नयेत असा काही दंडक नाही. हडपसरच्या पुढे, मांजरीच्या अंगाला गेल्या वीसेक वर्षांत जे गृहप्रकल्प उभे राहिले, त्यांच्या जाहिराती आम्ही आवडीने वाचत आलो आहोत. या जाहिरातींत शाळा असतेच, आणि तिचे अंतर मिनिटांत मोजलेले असते. ती शाळा खाजगी आणि इंग्रजी माध्यमाची, हे वेगळे सांगावे लागत नाही. गावात जिल्हा परिषदेची शाळा आहे, ही गोष्ट घर घेण्याचे कारण म्हणून छापलेली मात्र आमच्या पाहण्यात आजवर आलेली नाही.

अमेरिकेतल्या उपनगरांत नेमके उलट घडते. तिथे घर विकताना सरकारी शाळेचेच नाव पुढे करतात. तिकडे 'स्कूल डिस्ट्रिक्ट' नावाची स्वतंत्र स्थानिक संस्था असते. तिची हद्द ठरलेली, मंडळ बहुधा निवडून आलेले, आणि तिच्या उत्पन्नाचा मोठा भाग हद्दीतल्या घरपट्टीतून येणारा. घरे महाग तर शाळा चांगली, शाळा चांगली म्हणून घरे आणखी महाग, असे हे रहाट आहे. टेक्सासमधील सॅन अँटोनियो शहरात एजवुड आणि अलामो हाइट्स असे दोन डिस्ट्रिक्ट होते. पहिले गरीब मेक्सिकन वस्तीचे, दुसरे सुखवस्तू आणि नावाजलेले. १९६७-६८ साली एजवुडने शंभर डॉलरच्या मालमत्तेवर १ डॉलर ५ सेंट कर लावूनही विद्यार्थ्यामागे २६ डॉलर हाती आले. अलामो हाइट्सने ८५ सेंटच लावले आणि ३३३ डॉलर मिळवले. हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि १९७३ साली पाच विरुद्ध चार मतांनी असे ठरले की, या विषमतेमुळे देशाच्या घटनेचा भंग होत नाही. जास्त दराने कर भरणाऱ्याच्या मुलाला कमी मिळते, हे न्यायालयाला दिसत नव्हते असे नाही. पण शाळेचा कारभार स्थानिकांच्या हाती राहावा, हे तत्त्व त्याला मोलाचे वाटले.

शाळेचा पैसा कोणी द्यावा, तो कोणी खर्चावा आणि त्याचा लाभ कोणाच्या मुलांना व्हावा, हे तीन प्रश्न एकत्र बांधून विचारण्यासाठी आपल्याला टेक्सासपर्यंत जायला नको. मांजरीच्या एका जमीनधारकाने ते १८८२ सालीच विचारले होते. जोतीराव फुले यांची मांजरीला साठ एकर शेतजमीन होती. १९ ऑक्टोबर १८८२ रोजी हंटर शिक्षण आयोगापुढे सादर केलेल्या निवेदनाखाली त्यांनी स्वतःचा उल्लेख व्यापारी, शेतकरी आणि नगरपालिकेचे सदस्य असा केला आहे. शिक्षणाविषयीचा आपला अनुभव प्रामुख्याने पुणे आणि भोवतालची खेडी एवढ्यापुरता आहे, असेही ते सुरुवातीलाच नोंदवतात. फुल्यांवरील लिखाणात या वाक्यापाशी सहसा कोणी थांबत नाही. आम्हांस मात्र ते फार महत्त्वाचे वाटते.

त्या काळी खेड्यातल्या शाळेचा पैसा कुठून येई? मुंबई इलाख्यात १८६३ पासून शेतसाऱ्यावर रुपयामागे एक आणा जादा पट्टी बसू लागली. १८६९ च्या कायद्याने ती पक्की झाली. या लोकल फंडाचे दोन हिस्से रस्त्यांसारख्या कामांना आणि एक हिस्सा शाळांना. आण्याचा तिसरा हिस्सा म्हणजे चार पै. शेतकऱ्याने भरलेल्या प्रत्येक रुपयाच्या साऱ्यामागे चार पै शिक्षणाच्या, असा हा हिशेब होता. म्हणजे ज्याच्या नावावर जमीन आहे, तो शाळेचा वर्गणीदार होताच. त्याच्या गावात शाळा असो वा नसो.

फुल्यांचा सवाल नेमका इथे सुरू होतो. ही पट्टी भरूनही इलाख्यातल्या दहापैकी जवळजवळ नऊ गावांत, म्हणजे सुमारे दहा लाख मुलांसाठी, प्राथमिक शिक्षणाची काहीच सोय नाही असे सांगितले जाते, हे ते आयोगाच्या नजरेस आणतात. रयतेच्या घामातून आलेला महसूल वरच्या वर्गाच्या उच्च शिक्षणावर खर्च होतो, आणि वर ओतलेली विद्या आपोआप खाली झिरपेल अशी आशा बाळगली जाते, यावर त्यांचा मुख्य रोख आहे. मागण्या अगदी व्यवहारी आहेत. निदान बाराव्या वर्षापर्यंत शिक्षण सक्तीचे करावे. शिक्षक शक्यतो शेतकरी वर्गातले आणि प्रशिक्षित असावेत. त्यांना बारा रुपयांहून कमी पगार नसावा, मोठ्या गावी पंधरा ते वीस द्यावा. मोडी आणि बाळबोध, हिशेब, इतिहास-भूगोलाची तोंडओळख यांबरोबर शेतीचेही प्राथमिक ज्ञान द्यावे. शिक्षकाच्या पगाराचा आकडा घालणारा समाजसुधारक विरळाच.

पण आम्हांस थबकवणारी जागा वेगळी आहे. पैसा गावाचा, म्हणून शाळेचा ताबाही गावाकडे द्या, असे फुले म्हणत नाहीत. स्थानिक मंडळांवर बसणारे पाटील, इनामदार, सरदार यांना या निधीवर डोळस नियंत्रण ठेवता येणार नाही, असे त्यांचे स्पष्ट मत आहे. शाळा शिक्षणखात्याच्या हाती असाव्यात, असा त्यांचा कौल आहे. नगरपालिकेत बसून कारभार जवळून पाहिलेल्या माणसाचे हे मत आहे, म्हणून ते सहज बाजूला सारता येत नाही. 'स्थानिक' या शब्दाआड गावातला बलवान कोण ते झाकले जाते, हे त्यांनी ओळखले होते. आयोगाने मात्र उलट शिफारस केली आणि प्राथमिक शिक्षण स्थानिक मंडळांकडे सोपवण्याची वाट धरली. पुढचा प्रवास थोडक्यात सांगता येईल : १८८४ चा लोकल बोर्डांचा कायदा, १९२३ चा आणि मग १९४७ चा प्राथमिक शिक्षणाचा कायदा, १९६२ साली जिल्हा परिषदा.

इथे अमेरिकेशी असलेली तुलना उलटी फिरते. तिकडे पैसा कुंपणाच्या आत अडकून राहतो म्हणून विषमता. फुल्यांच्या काळी पैसा कुंपणाबाहेर वाहून जात होता म्हणून विषमता. जिल्हा परिषदेच्या शिक्षकाचा पगार राज्याच्या अनुदानातून येतो, त्यामुळे मांजरीच्या आणि वेल्ह्याच्या गुरुजींत घरपट्टीमुळे फरक पडत नाही. एजवुडच्या पालकांनी याचा हेवा केला असता. तरीही ज्याला परवडते तो पालक या शाळेतून निघून जातो. आपल्याकडची शीव नकाशावर काढलेली नाही. ती फीच्या पावतीवर असते.

अपवाद आहेत आणि ते पुणे जिल्ह्यातच आहेत. शिरूर तालुक्यातील वाबळेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत प्रवेशासाठी बाहेरगावच्या पालकांची रीघ लागली होती. खेड तालुक्यातील जालिंदरनगरच्या जिल्हा परिषद शाळेला २०२५ साली जगातील उत्तम शाळांच्या स्पर्धेत लोकपसंतीचा पुरस्कार मिळाला. अशा शाळांमागे गावाचा हात असतो, लोकवर्गणी असते. अभिमानाची गोष्ट आहे, यात शंका नाही. पण वर्गणी आली की एजवुडचा प्रश्नही मागोमाग येतो : ज्या वाडीला वर्गणी जमत नाही, तिच्या शाळेचे काय?

शीव पुसण्याचा एक प्रयत्न २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने केला. खाजगी शाळांतल्या पंचवीस टक्के जागा दुर्बल घटकांतील मुलांसाठी ठेवल्या. त्यासाठी 'शेजार' ही कल्पना आली, आणि शेजार म्हटले की किलोमीटर आले. ९ फेब्रुवारी २०२४ रोजी राज्य शासनाने नियम बदलला : ज्या खाजगी विनाअनुदानित शाळेपासून एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा आहे, तिला या जागांतून सूट. म्हणजे गावातली सरकारी शाळा, जी जाहिरातीत कधी आली नाही, ती आता शेजारच्या शाळेचे दार लावून घेण्यासाठी कामाला आली. मुंबई उच्च न्यायालयाने १९ जुलै २०२४ रोजी हा बदल रद्द केला आणि पुढच्या महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम ठेवला.

वर्गात आपण 'शेतकऱ्याचा असूड' शिकवतो. तो १८८३ चा, म्हणजे या निवेदनानंतर वर्षभरातला. निवेदन इंग्रजीत असल्याने ते 'समग्र वाङ्मया'च्या मागच्या पानांत राहते आणि इतिहासवाल्यांच्या वाट्याला जाते. आमच्या मते ही वाटणी चुकीची आहे. दोन्ही मजकूर शेजारी ठेवले की एकाच माणसाचे दोन आवाज ऐकू येतात : असूडात कुणब्याच्या घरात शिरून बोलणारा, तर निवेदनात आकडे आणि कलमे मांडून साहेबाला कोंडीत पकडणारा. १८५५ च्या 'तृतीय रत्न' नाटकात शिक्षणाचा जो आग्रह संवादांतून आला होता, तोच इथे जमाखर्चाच्या भाषेत येतो. हा जमाखर्च मांडणारा माणूस शिवेच्या दोन्ही बाजूंना होता, ही गोष्ट साहित्याच्या विद्यार्थ्याने विसरू नये. नगरपालिकेत तो सदस्य होता, आणि पालिकेच्या हद्दीबाहेर जमीनधारक.

सहीखाली त्यांनी पत्ता दिला आहे तो जुना गंज पेठेचा. ३० जून २०२१ रोजी तेवीस गावे पुणे महापालिकेत आली, त्यांत मांजरी बुद्रुक होते. नदीपलीकडचे मांजरी खुर्द त्या यादीत नव्हते.