पंधरा कप्प्यांचं गाव

दिवाळीतला किल्ला ही मराठी मुलाच्या आयुष्यातली पहिली बांधकाम खात्यातली नोकरी. पगार नाही, मातीत हात, आणि वरून घरच्यांची बोलणी. दगड, विटा, गोणपाट आणि चिखल एवढ्या सामानावर आम्ही सह्याद्री उभा करायचो. मोहरी पेरून जंगल तयार करायचो. माणसं मात्र बाजारातून आणावी लागत, आणि बाजारात जी मिळतील तीच आपली प्रजा. त्यामुळे आमच्या किल्ल्यावर महाराजांच्या उजव्या हाताला बँडवाला, डाव्या हाताला भाजीवाली आणि महादरवाज्यात ट्रॅफिक पोलीस असे. वाघ तर बुरुजापेक्षा वीतभर उंच! पण बघायला येणाऱ्या एकालाही त्यात काही खटकत नसे. 'छान झालाय हो किल्ला,' म्हणत आणि हातावर चकली ठेवून जात.

हे सगळं सांगायचं कारण असं, की जपानी लोकांनी हाच किल्ला एक दिवस टीव्हीच्या पेटीत बसवला, आणि मी त्या पेटीत आमचं बुडालेलं गाव बांधलं. त्याचा हा इतिहास आहे. इतिहास म्हटला की सनावळी आल्याच. पण वाचकांनी घाबरू नये. मी कॉमर्सचा माणूस, आकडे जपून वापरतो.

तर १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' नावाचा खेळ छापला. चार मित्रांनी टेबलाभोवती बसायचं, प्रत्येकाने एकेक सोंग घ्यायचं, कुणी योद्धा, कुणी मांत्रिक, आणि फासे टाकत राक्षस मारत हिंडायचं. आपल्याकडच्या बहुरूप्याला हे नवीन नाही. फरक एवढाच, की बहुरूपी शेवटी पैसे मागतो. पुढे हा खेळ कॉम्प्युटरवर गेला, आणि १९८६ साली जपानात 'ड्रॅगन क्वेस्ट' या नावाने टीव्हीला जोडायच्या यंत्रावर, म्हणजे कन्सोलवर, आला. एक राजा, एक राक्षस, गावोगावी बोलणारी माणसं. अख्खं राज्य बसवायला जागा किती? चौसष्ट किलोबाइट. आज कुणी फोनवर 'गुड मॉर्निंग'चं गुलाबाचं फूल पाठवतं, ते याहून जड असतं. अक्षरांनासुद्धा जागा पुरेना, म्हणून करणाऱ्यांनी कताकाना लिपीतली जेमतेम वीसेक अक्षरं ठेवली आणि बाकीची काढून टाकली. राक्षसांची नावंही त्या वीसातच बसवायची! उद्या मला कुणी सांगितलं, की 'क' आणि 'र' सोडून घरातल्या सगळ्यांची बारशी करा, तर मी दीर्घ रजेचा अर्ज टाकीन. खेळ अर्धा राहिला तर यंत्र वीस अक्षरांचा मंत्र देई. तो वहीत उतरून घ्यायचा आणि दुसऱ्या दिवशी जसाच्या तसा भरायचा. एक अक्षर चुकलं, की राज्य खालसा.

आता ज्याने दुसऱ्याचा किल्ला पाहिला, त्याला स्वतःचा बांधावासा वाटणारच. निन्तेन्दोने १९८४ सालीच आपल्या फॅमिकॉम यंत्रासाठी 'फॅमिली बेसिक' नावाचा कीबोर्ड काढला होता. त्यावर प्रोग्रॅम लिहायचा आणि टेपरेकॉर्डरच्या कॅसेटवर साठवायचा. पण प्रोग्रॅमला जागा दोन किलोबाइटच्या आसपास. तेवढ्यात किल्ला नाही, फार तर पायरी होते. खरी सोय केली आस्की या कंपनीने. १९९० साली त्यांनी एमएसएक्स या घरगुती कॉम्प्युटरसाठी 'दान्ते' नावाचं साधन काढलं. १९९२ साली त्याची थोरली आवृत्ती आली आणि तिच्या नावात 'त्सुकूरु' हा शब्द आला. जपानीत 'त्सुकुरु' म्हणजे बनवणे आणि 'त्सूरु' म्हणजे हत्यार, दोन्हींची सांधेजोड. आपल्या वडापावसारखंच. पुढे १९९५ साली हे साधन 'सुपर दान्ते' म्हणून सुपर फॅमिकॉम या कन्सोलवर आणि १९९७ साली तिसऱ्या अवतारात प्लेस्टेशनवर आलं. तोच तिसरा अवतार २००० साली 'आरपीजी मेकर' नाव घेऊन अमेरिकेत उतरला.

यातली गंमत अशी, की इथे प्रोग्रॅम लिहावा लागत नाही. गवत, रस्ता, पाणी, घर, झाड यांचे चौकोनी तुकडे तयार असतात, ते एकापुढे एक ठेवायचे. माणसं तयार असतात, ती उभी करायची. 'अमुक माणसाशी बोललं, की बारा नंबरचं बटण चालू. ते चालू असेल तर तमुक दार उघड,' एवढ्यावर सगळं रामायण चालतं. म्हणजे बाजारातून आणलेला मावळा आणि ट्रॅफिक पोलीसच, फक्त इथे ते बोलतात.

आता हे यंत्र आमच्या पळसदेवला कसं पोचलं? पुणे-सोलापूर रस्त्यावरचं आमचं गाव. भीमेवर उजनीचं धरण झालं, ते १९८० साली पुरं झालं, आणि त्याआधीच जुनं पळसदेव पाण्याखाली गेलं. आम्ही राहतो ते नवं. माझा जन्म नव्या गावातला. जुनं गाव मला फक्त तात्यांच्या बोलण्यातून ठाऊक. आमच्या घरी पत्ता सांगताना आजही दोन गावं चालतात. 'लिंबाखाली' म्हणजे कुठल्या, हे आधी विचारावं लागतं. कारण एक लिंब रस्त्याच्या कडेला आहे आणि दुसरा पाण्यात.

२००२ साली मी बी. कॉम. होऊन बँकेच्या परीक्षांची तयारी करत होतो. तयारी म्हणजे पुस्तक उघडं ठेवून दुसरं काहीतरी करणे. त्याच सुमारास अमेरिकेहून आलेल्या मामेभावाने आपलं जुनं प्लेस्टेशन आणि त्यासोबत 'आरपीजी मेकर'ची तबकडी मला देऊन टाकली. तोवर माझा अनुभव म्हणजे इंदापूरच्या बाजारातली ती 'नऊ हजार नऊशे नव्व्याण्णव खेळ' लिहिलेली कॅसेट, ज्यात मोजून चार खेळ असत आणि तेच नावं बदलून पुन्हा पुन्हा येत. तेव्हा हा अमेरिकन पाहुणा आल्यावर घरात सत्यनारायण घालायचाच बाकी राहिला.

पाहुण्याच्या खाण्यापिण्याच्या तऱ्हा मात्र फार. त्याला एकशेदहा व्होल्ट वीज लागे, म्हणून विटेएवढा ट्रान्सफॉर्मर आणला. त्याची चित्रपद्धत एनटीएससी आणि आमच्या टीव्हीची पाल (भिंतीवरची नव्हे). दोघांचं जमेना. शेवटी तडजोड अशी झाली, की चित्र दिसेल, पण कृष्णधवल दिसेल. गवत करडं, पाणी करडं, राजाही करडा.

मी ठरवलं, राक्षसबिक्षस नंतर. आधी जुनं पळसदेव बांधायचं. सामान तपासलं. किल्ले होते, गुहा होत्या, टोकदार छपरांची परदेशी घरं होती. धाब्याचं घर नव्हतं, चावडी नव्हती, लिंब तर नव्हताच. मग एका गोलसर झाडाला लिंब म्हटलं, धर्मशाळेला चावडी नेमलं. पळसनाथाचं देऊळ कसं करावं, हा मोठा पेच. ते जुनं दगडी देऊळ, वर विटांचं शिखर. शेवटी एका वाड्याच्या बुरुजाचे तुकडे जोडून शिखरासारखं काहीतरी उभं केलं. लांबून पाहिलं आणि डोळे बारीक केले, तर नमस्कार करावासा वाटे.

मग माणसं आणि त्यांची भाषा. अक्षरं रोमन, आणि तीही एकेक करून कन्सोलच्या हातातल्या बटणांनी वेचायची. गव्हातले खडे वेचावे तशी. रोमन लिपीला 'ड' आणि 'द' सारखेच. त्यामुळे आमचा पाटील 'हा माझा वाडा' म्हणतो की 'हा माझा वादा', याचा निकाल खेळणाऱ्याने लावायचा. घराच्या दारात मी आजी उभी केली. सोनेरी केसांची एक परदेशी म्हातारी मिळाली, टीव्हीवर ते केस आपोआप पांढरे झाले. कृष्णधवल चित्राचा हा एक फायदा. तिला एकच वाक्य दिलं: 'जेवून जा.'

आणि जागा! सगळं साठवायचं ते मेमरी कार्डावर. काडेपेटीपेक्षा थोडं मोठं चपटं कार्ड. एकूण एकशेअठ्ठावीस किलोबाइट, त्याचे सोळा कप्पे. त्यातला पहिला अनुक्रमणिकेला, राहिले पंधरा. त्या पंधरात गाव, माणसं, बोलणी, सगळं. मी ओढा काढला, तेव्हा कुंभारआळी काढावी लागली. शाळा बसवली, तर बाजाराची जागा गेली. प्रत्येक गोष्टीला विचारावं लागे, की बाई, तू फार गरजेची आहेस का? बँकेच्या परीक्षेत मला अंदाजपत्रकावर प्रश्न आला नाही, याचं आजही वाईट वाटतं.

एके संध्याकाळी तात्या मागे येऊन उभे राहिले.

"काय चाललंय?"

"जुनं गाव करतोय, तात्या."

ते खाली बसले. बराच वेळ बघून म्हणाले, "आरं, हे पाणी हाय का रान?"

"रान आहे."

"मग बरंय."

मी त्यांच्या हातात बटणं दिली. आयुष्यभर बैल हाकलेला माणूस. दहा मिनिटांत चालायला शिकला. देवळापासून ओढ्यापर्यंत गेले, परत आले. "चावडी हितं न्हवती, पल्याड होती." मी चावडी पलीकडे नेली. "परीट कुठाय?" परटाला जागा नव्हती, हे सांगायला मी धजलो नाही, पाटलाची एक खोली पाडून परटाला दिली. मग ते आमच्या दारात गेले आणि बटण दाबलं. आजी म्हणाली, 'जेवून जा.' पुन्हा दाबलं. 'जेवून जा.' पाच-सहा वेळा दाबलं. या खेळातली माणसं एकच वाक्य पुन्हा पुन्हा बोलतात, हा यंत्राचा दोष मी त्यांना समजावून सांगू लागलो.

"दोष कसला? ती तेवढंच म्हणायची," तात्या म्हणाले.

त्या रात्री त्यांनी गाव सोडल्याची हकिगत पहिल्यांदा नीट सांगितली. बैलगाडीच्या दोन खेपा झाल्या. जातं घेतलं, उखळ राहिलं. दाराची चौकट काढून आणली, उंबरा राहिला. आजी लिंबाला हात लावून आली. हे सगळं विचारायला मला बावीस वर्षं सुचलं नव्हतं. ते एका जपानी साधनाच्या जागेच्या टंचाईमुळे निघालं.

अशा गोष्टी जगात इतरत्रही झाल्या. जपानात १९९६ साली याच कुळातल्या कॉम्प्युटरवरच्या साधनातून 'कॉर्प्स पार्टी' नावाचा भुताचा खेळ काही हौशी मंडळींनी केला, त्याचं पुढे मोठं प्रस्थ झालं. अमेरिकेतले हौशी लोक डेक्सड्राइव्ह नावाच्या डबीने मेमरी कार्ड कॉम्प्युटरला जोडून आपापली राज्यं एकमेकांना पाठवत. मी माझं गाव कुणाला पाठवणार? ते बघायला ज्यांना आवडलं असतं, त्यांच्याकडे प्लेस्टेशन नव्हतं.

हत्यारं पुढे सुधारली. प्लेस्टेशन दोनवर सगळं त्रिमितीत आलं. २०२४ साली जपानात 'आरपीजी मेकर विथ' हा निन्तेन्दो स्विचसाठीचा नवा अवतार निघाला. आमच्या कन्येच्या कॉम्प्युटरवर तर जागेचा प्रश्नच नाही. तिने शंभर गावांचा खेळ करायला घेतला आहे. दोन वर्षं झाली. सध्या एक झाड तयार आहे. पण पानं हलतात. मी तिला काही बोलत नाही. माझं अख्खं गाव सहा महिन्यांत झालं, ते माझ्या कर्तबगारीने नव्हे. झाडाची पानं हलवायची सोयच नव्हती, म्हणून मी पुढच्या घराकडे वळलो.

उजनीत पाणी मावतं साधारण एकशेसतरा टीएमसी. त्यातलं अर्ध्याहून जास्त मृतसाठ्यात धरतात. पातळी त्याच्याखाली गेली, की पेपरात 'उजनी वजा' अशी बातमी येते. आमच्या बँकेत याला ओव्हरड्राफ्ट म्हणतात आणि व्याज लावतात. २०२४ च्या उन्हाळ्यात उजनी वजा पन्नास टक्क्यांच्याही खाली गेली आणि पळसनाथाचं देऊळ उघडं पडलं. बघायला गर्दी लोटली. मीही तात्यांना घेऊन गेलो.

शिखराकडे त्यांनी एकदा पाहिलं, हात जोडले, आणि देवळाकडे पाठ करून भेगाळलेल्या गाळातून चालू लागले. तोंडाने पावलं मोजत होते. एका जागी थांबले. तिथे काही नव्हतं. शिंपले होते आणि जोत्याचे असतील-नसतील असे चार दगड.

"हितं लिंब," ते म्हणाले. "तुझ्या खेळात लई जवळ आलाय देवळाच्या."

"जागा नव्हती, तात्या."

"आम्हाला तरी कुठं होती? दोनच खेपा."

घरी आल्यावर माळ्यावरून पाहुण्याला खाली काढलं. त्याला तबकडी वाचता येईना. मग जुन्या जाणत्यांचा उपाय केला: यंत्र उलटं करून ठेवलं. या प्लेस्टेशनचं भिंग ज्यावर सरकतं तो भाग झिजला, की ते शीर्षासनातच नीट चालतं. बावीस वर्षांनी कार्ड उघडलं आणि करडं पळसदेव आलं. पाटील होता, परीट होता. तात्या आधी दारात जाऊन आले; मग म्हणाले, "आता लिंब हलीव."

मी लिंब चार घरं पलीकडे नेला. झाड हलवायला नवा कप्पा लागत नाही. मग 'साठवा' म्हटलं, आणि आम्ही दोघं, कन्येसकट, विजेच्या दिव्याकडे बघत बसलो. वीज गेली नाही.