आईनं सांगितलेली रक्कम



आज आम्ही बिली बॉस्टन या रग्बीपटूची गोष्ट सांगणार आहोत. पण तिची सुरुवात मैदानावर नाही, त्याच्या आईच्या घरात होते.

वेल्समधलं कार्डिफ हे तेव्हा कोळशाचं मोठं बंदर होतं. तिथल्या गोदीलगत ‘टायगर बे’ नावाची वस्ती होती. देशोदेशींचे खलाशी येऊन तिथेच संसार थाटत. तिथेच १९३४ साली बिली जन्मला. वडील आफ्रिकेतल्या सिएरा लिओनचे, आई आयरिश वंशाची, आणि घरात अकरा मुलं.

रग्बीचे दोन प्रकार आहेत. त्यांची फाटाफूट झाली ती मजुरीवरून. उत्तर इंग्लंडमधले खेळाडू गिरण्यांत आणि खाणींत राबणारे. सामना खेळायचा तर कामाचा खाडा व्हायचा आणि पगार बुडायचा. ती भरपाई क्लबनं द्यावी, ही मागणी वरिष्ठांनी फेटाळली. म्हणून २९ ऑगस्ट १८९५ रोजी हडर्सफील्डच्या एका हॉटेलात उत्तरेकडचे क्लब वेगळे झाले. पुढे त्यांचा तेरा जणांचा खेळ ‘रग्बी लीग’ म्हणून ओळखला जाऊ लागला. पंधरा जणांचा जुना खेळ म्हणजे ‘युनियन’. तेव्हा लीगचे पैसे घेतले, की युनियनचे दरवाजे जन्माचे बंद होत.

बिलीचं स्वप्न होतं कार्डिफकडून आणि मग वेल्सकडून युनियन खेळण्याचं. पण घराजवळच्या त्या मोठ्या क्लबनं त्याला कधी बोलावलं नाही. १९८० च्या दशकापर्यंत वेल्सच्या युनियन संघात एकही कृष्णवर्णीय खेळाडू दिसला नाही, एवढं सांगितलं तरी पुरे.

१९५३ साली इंग्लंडमधल्या विगन क्लबची माणसं बिलीच्या घरी आली. त्यांनी टेबलावर एक हजार पौंडांच्या नोटा मांडल्या. बिलीला वेल्स सोडायचं नव्हतं. पाहुण्यांना वाटेला लावावं म्हणून आईनं सांगून टाकलं, की तीन हजार दिलेत तर तो सही करील. एवढी रक्कम ऐकून ते उठून जातील, असं तिला वाटलं. ते तयार झाले! शब्द दिला होता. सही झाली आणि वेल्सच्या युनियन संघाचं स्वप्न तिथेच संपलं.

बिली विंगर होता, म्हणजे मैदानाच्या कडेनं धावणारा. चेंडू घेऊन समोरच्यांच्या रेषेपलीकडे टेकवला, की ‘ट्राय’ होते. विगनसाठी ४८८ सामन्यांत त्यानं ४७८ ट्राय केल्या. अंगानं दणकट, तरी चपळ. कधी हुलकावणी देई, कधी समोरच्याला सरळ धडक देऊन पुढे जाई. १९५४ साली, जेमतेम काही सामने खेळलेला हा पोरगा ग्रेट ब्रिटनच्या संघातून ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या दौऱ्यावर गेला. अशा दौऱ्यावर गेलेला तो पहिला कृष्णवर्णीय खेळाडू. तिथे त्यानं ३६ ट्राय केल्या.

आणि तरीही १९५७ साली काय झालं? ऑस्ट्रेलियातल्या विश्वचषकानंतर संघ प्रदर्शनी सामन्यांसाठी दक्षिण आफ्रिकेत गेला. तिथे वर्णभेदाचे कायदे होते. बिली त्या सामन्यांत नव्हता. तो घरी परतला. सामने मात्र ठरल्याप्रमाणे पार पडले. आम्हांला या गोष्टीत सगळ्यांत जास्त टोचतं ते हेच. त्याच्या ट्राय सगळ्यांना हव्या होत्या. त्याच्यासाठी सामने मात्र कुणी रद्द केले नाहीत.

विगननं मात्र त्याला आपलं मानलं. खेळ संपल्यावरही तो तिथेच राहिला आणि मैदानाजवळ त्यानं पब चालवला. २०१६ साली त्या गावात त्याचा पुतळा उभा राहिला. २०२५ साली, वयाच्या नव्वदीत, त्याला ‘सर’ हा किताब मिळाला. रग्बी लीगच्या खेळाडूला हा मान पहिल्यांदाच मिळत होता, खेळाला १३० वर्षं होत आली तेव्हा.

आणि कार्डिफ? २०२३ साली, त्याच्या जुन्या वस्तीजवळच, लीगमधल्या आणखी दोघांबरोबर त्याचा पुतळा बसवला गेला. आईच्या टेबलावर नोटा मांडल्या गेल्या, त्याला तोवर सत्तर वर्षं झाली होती.