वयात येण्याच्या समलैंगिक कथा, मराठीतील
पौगंडावस्थेत किंवा ऐन तारुण्यात स्वतःच्या समलैंगिक ओढीची जाणीव होणे, हा या कथांचा विषय. बिंदुमाधव खिरे यांची ‘पार्टनर’ आणि सचिन कुंडलकर यांची ‘कोबाल्ट ब्लू’ (२००६) या त्यांतील महत्त्वाच्या कादंबऱ्या. मराठीत या कथांचा गाभा जाहीर कबुलीपेक्षा घरातल्या मौनात आहे. ‘कोबाल्ट ब्लू’मध्ये तनय आणि अनुजा ही भावंडे पुण्यातील आपल्या घरी राहायला आलेल्या एकाच तरुणाच्या प्रेमात पडतात. अनुजा त्याच्याबरोबर पळून जाते आणि एकटी परतते, तेव्हा तिचे दुःख घरात संतापाचा आणि काळजीचा विषय तरी होते; तनयचे दुःख कुणाच्या लक्षातही येत नाही. एकाच विरहाला मिळालेली ही असमान वागणूक लेखकाने दोघांच्या स्वतंत्र निवेदनांतून समोरासमोर ठेवली आहे.

या कादंबऱ्या कुमारसाहित्य नव्हेत, असा आक्षेप घेता येईल. पण कथा कोणासाठी, हे पुस्तकावरच्या वयोगटापेक्षा तिने कोणाचा पेच मांडला यावरून ठरवणे योग्य. समलैंगिक संबंधांना गुन्ह्यातून वगळणाऱ्या, कलम ३७७ बाबतच्या २०१८च्या निकालानंतर या कथांची निकड संपली, हेही पटत नाही. निकाल घरातल्या मुलाला बोलायला शब्द देत नाही. ते काम साहित्याचेच आहे.